वास : काही नाही

थंडी आली हे मला आमच्या इमारतीची लिफ्ट सांगते. बिबवेवाडीतली ही सात मजली इमारत. गॅलऱ्यांमधले आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच एखाद्या सकाळी लिफ्टचं दार उघडतं आणि आत चार माणसांबरोबर चार स्वेटर उभे असतात. वर्षभर ट्रंकेत झोपून नुकतेच उठलेले, घड्यांच्या खुणा अंगावर तशाच असलेले. त्या बंद डब्यात डांबरगोळ्यांचा असा काही दर्प कोंडलेला असतो की पाचव्या मजल्यापर्यंत डोळे चुरचुरतात. बाकीची मंडळी "गारठा वाढला, नाही?" असं म्हणून हात चोळतात. मी मात्र चोरासारखा आकड्यांकडे बघत राहतो. या वासानं कुणाला आजोळ आठवत असेल, कुणाला एखादी जुनी शाल. मला विश्रांतवाडीच्या बाजूची एक विहीर आठवते, आणि एवढ्या थंडीत माझे कान गरम होतात.

परवा पुन्हा तसंच झालं. म्हटलं, आता लिहूनच टाकावं. नाहीतरी ही गोष्ट माझ्या ऑफिसात माझ्यापेक्षा चांगली सांगणारी चार माणसं आहेत.

माझं काम सांगितलं की लोकांना वाटतं मी बोअर मारून देतो. लग्नाची बोलणी चालू असताना सासऱ्यांनीही "आमच्या गावच्या जागेत पाणी लागेल का हो?" असं विचारलं होतं. मारतो मी बोअरच, पण जिचं पाणी कुणी प्यायचं नसतं अशी. एखाद्या जागेवर पूर्वी कारखाना होता, पेट्रोल पंप होता, कुणी वर्षानुवर्षं पिंपं ओतली होती, आणि आता तिथे काही नवं उभं राहणार आहे. तर त्याआधी जमिनीला विचारायचं, बाई, तू काय काय प्यालीस? त्यासाठी ठिकठिकाणी भोकं पाडायची, थराथरातली माती काढून बरण्यांत भरायची, भोकात चिरा पाडलेले पाइप सोडून निरीक्षण विहिरी करायच्या आणि पाण्याचे नमुने प्रयोगशाळेला धाडायचे. पाणी लागलं की लोक पेढे वाटतात. आम्ही बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो.

ही गोष्ट घडली त्या वर्षीचा आश्विन. पाऊस नुकताच गेलेला, आणि जाताना ऊन आमच्या ताब्यात देऊन गेलेला. आळंदी रस्त्यावरून आत, एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची जागा. पत्रे गेलेले, भिंती उरलेल्या, आणि त्या भिंतींच्या आत छातीएवढं गाजरगवत. लांबून बघावं तर चांदण्यांचं शेत; जवळ गेलं की शिंकांचं. मी गेलो, आणि पहिल्या तासातच माझं नाक जे बंद झालं ते पुढचे काही आठवडे उघडलं नाही. आता ज्याचा धंदाच माती-पाण्याशी आहे त्याचं नाक बंद, म्हणजे आचाऱ्याची जीभ भाजल्यासारखं. पण हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. तेव्हा मला फक्त माझं नवं हेल्मेट महत्त्वाचं वाटत होतं.

त्या कामाचे दिवस मात्र अजून डोळ्यांपुढे आहेत. सकाळी रिगला, म्हणजे भोकं पाडायच्या यंत्राला, हळदकुंकू लावून सदाशिव नारळ फोडायचा. सदाशिव म्हणजे रिगचा ऑपरेटर, हिंगोलीकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. नारळाचं पाणी भोकात ओतू नका, नमुना बिघडेल, असं मी त्याला पहिल्याच दिवशी मोठ्या तोऱ्यात बजावलं. "बरं," म्हणाला आणि ते पाणी मला प्यायला दिलं. मग यंत्राचा घरघराट, वरची काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, आणि मग काळ्या दगडाला पोलाद लागलं की बदलणारा आवाज. दातांत खडा यावा तसा. नळीतून मातीचा लांब दांडा बाहेर यायचा, आम्ही तो फळीवर आडवा ठेवून मधोमध चिरायचो. कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यातल्या दांड्यात एकदा, कमरेएवढ्या खोलीवर, मोरपंखी रंगाचा पट्टा निघाला. किती सुंदर, आणि तिथे असायलाच नको असलेला. सदाशिव बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "साहेब, रंग कुठं जात न्हाई. वरून दिसंना एवढंच." जमिनीविषयी याच्यापेक्षा नेमकं वाक्य मी कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही.

पाच पाइप उभे राहिले. भोवती बारीक खडी, वर पाणी पिऊन फुगणाऱ्या मातीचं बूच, त्यावर झाकण आणि कुलूप. सहावा नमुना घ्यायचा होता तो कारखान्याच्या चढाच्या अंगाला असलेल्या शेजारच्या विहिरीतून. जमिनीखालचं पाणी चढाकडून उताराकडे जातं. म्हणजे चढावरची विहीर स्वच्छ असायला हवी, आणि तिच्याशी ताडून बाकीच्या किती मळल्या ते कळायला हवं.

ती विहीर घुलेकाकूंची. काकूंची तिथे रोपवाटिका होती. गुलाब, तुळशी, शेवंती, आणि थंडीसाठी तयार होत असलेली डेलियाची रोपं, ओळीनं काळ्या पिशव्यांत बसलेली, बालवाडीतल्या मुलांसारखी. काका गेल्यापासून सगळं त्या एकट्या बघत. सगळं त्या विहिरीच्या जिवावर, आणि नळाला पाणी नसलं की गल्लीतली आठ घरंही तिथूनच हंडे भरायची. फाटकावर पाटी होती : "फुलांना हात लावू नये. विकत घ्यावे." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला हेल्मेटपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"अहो इंजिनिअर, माझ्या विहिरीवर कुठलं छप्पर कोसळणार आहे? ते डोक्यावरचं काढा, घाम आलाय तुम्हाला."

मी काढलं.

"आणि पाणी तपासून काय करणार?"

"चांगलं असेल तर तसं लिहून देऊ, काकू."

"चांगलंच आहे. लिहा."

आता मुख्य पराक्रम. पाण्याचा नमुना काढायला बेलर वापरतात. बेलर म्हणजे खाली झडप असलेली हातभर पारदर्शक नळी. दोरीनं सोडायची, भरली की वर ओढायची. दोरी नायलॉनची, कोरी, पाकिटातली. ऑफिसनं मला ती दिली होती. ती मी रिगवरची ताडपत्री बांधायला वापरून मोकळा झालो होतो. नमुने घ्यायच्या आदल्या संध्याकाळी हे लक्षात आलं. आमचे वरिष्ठ जोगळेकर सर, त्यांना फोन करून "सर, दोरी संपली" म्हणायचं, म्हणजे पुढचं वर्षभर "दोरी आहे ना?" हे ऐकायचं. त्यापेक्षा मी घरातच शोधाशोध केली. आई मावशीकडे गेली होती. पलंगाखालची ट्रंक ओढली, आणि तळाशी, माझ्या बाळंतविड्याच्या टोपड्याशेजारी, ती सापडली : पांढरी, मऊ, जाड सुताची, भरपूर लांब दोरी. दोन्ही टोकांना लाल गोंडे. छताच्या कडीला टांगायच्या पाळण्याची. माझ्या पाळण्याची. आईनं ती तीस वर्षं जपली होती. कशानं जपली होती हे माझ्या बंद नाकाला कळायला मार्ग नव्हता. वाटलं, पाण्यातच तर सोडायची आहे. गोंडे सोडवून टोपड्यात ठेवले आणि दोरी पिशवीत भरली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

सकाळी सुरुवात काकूंच्या विहिरीपासून. हे मात्र मी शिस्तीत केलं : स्वच्छ विहीर आधी, मळकी शेवटी. पाऊसकाळानंतर पाणी वर आलेलं, हिरवट, थंड, आत आभाळाचा तुकडा. बेलर सोडला. मदतीला आलेला सदाशिव नाक आक्रसून म्हणाला, "साहेब, ह्या दोरीला कसला तरी वास हाय."

"सुताचा असेल," मी शिंकून म्हणालो.

आमच्या तक्त्यात एक रकाना असतो : वास. जोगळेकर सरांचा नियम असा की वास मुद्दाम घ्यायचा नाही, पण आला तर लिहायचा. मला कसलाच येत नव्हता. मी सहाही विहिरींपुढे वळणदार अक्षरांत लिहिलं, "वास : काही नाही." सदाशिवला येत होता, पण रकाना माझा होता.

एक राहिलंच. आपल्याच हातून काही मिसळलंय का हे कळावं म्हणून शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत न्यायची असते. तेच पाणी त्याच बेलरमधून, त्याच दोरीनं फिरवून प्रयोगशाळेला धाडायचं. हा कोरा नमुना. तिसऱ्या विहिरीशी गाजरगवतानं माझे डोळे असे पेटले की जवळ दुसरं पाणी नव्हतं, आणि मी त्या बाटलीनं डोळे धुतले. फार बरं वाटलं. तक्त्यावर तळाशी, अगदी बारीक अक्षरात, मी लिहिलं, "कोरा नमुना घेतला नाही."

दिवाळीनंतर निकाल आला. नॅफ्थॅलीन. सहाही विहिरींत, आणि सगळ्यात जास्त कुठे, तर काकूंच्या. तिथून पुढे उतरत उतरत, मोरपंखी पट्ट्याजवळच्या शेवटच्या विहिरीत सगळ्यात कमी. रंगाच्या कारखान्यात हे रसायन असूही शकतं, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते क्रमाचं.

"आमच्याकडे पाणी उताराकडे वाहतं," जोगळेकर सर चष्म्यावरून म्हणाले. "तुमच्याकडे कसं असतं?"

मी निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"पिण्याचं पाणी आहे. खबरदारी आधी, शंका मागून. विहीर बंद ठेवा म्हणून पत्र करा. आणि हा क्रम उलटा का, ते दहा दिवसांत मला सांगा."

पत्र मी केलं. चांगलं झालं होतं. मला आवडलं होतं. त्या पत्रावरून काकूंच्या मोटारीच्या स्टार्टरला सील लागलं. आठ घरांचे हंडे दुसरीकडे गेले, आणि गल्लीत बोललं जाऊ लागलं की घुल्यांच्या विहिरीत विष आहे. कुणी म्हणालं, मग त्या पाण्यावरच्या तुळशीचं पान तरी कसं तोंडात घालायचं? फाटकाशी येणारी माणसं फाटकावरूनच परत जाऊ लागली.

आणि मी? मी सिद्धांत मांडत होतो. तीन पानांचा. कधीकाळी वरच्या अंगाला डांबराची भट्टी असावी, खडकात एक गुप्त भेग असावी, आणि तिच्यातून पाणी सगळ्या जगाच्या उलट वाहत असावं. बाण काढलेला नकाशाही होता. आज वाटतं, एवढी कल्पनाशक्ती मी कथेबिथेत घातली असती तर निदान कुणाची विहीर बंद पडली नसती.

आता भट्टीचा साक्षीदार हवा. म्हणून कार्तिकातल्या एका गार सकाळी मी काकूंकडे गेलो. अंगात त्याच ट्रंकेतला स्वेटर, खांद्याला तीच पिशवी. रोपवाटिका बघवेना. डेलियाच्या ओळीतल्या निम्म्या पिशव्यांत माना टाकलेल्या होत्या. काकू शेजारून आणलेली कळशी घेऊन तांब्यातांब्यानं पाणी घालत होत्या, आणि कुणाला घालायचं, कुणाला नाही, ते ठरवत होत्या. ते ठरवणं मी बघितलं. तरी मी विचारलंच, "काकू, इथे वरच्या बाजूला पूर्वी डांबराची भट्टी होती का?"

"छत्तीस वर्षं आहे मी इथे. बाभळी होत्या. का?"

"विहिरीत जे सापडलं ते कुठून आलं, ते शोधतोय."

"पत्रात ते इंग्रजी नाव लिहिलंय ते ना? काय असतं ते?"

समजावून सांगणं हा माझा आवडता छंद. मी पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि प्रेमानं म्हणालो, "नॅफ्थॅलीन म्हणजे, अगदी सोप्या भाषेत सांगायचं तर, आपली डांबरगोळी."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. जवळ आल्या. माझ्या स्वेटरच्या बाहीशी नाक नेलं. मग कट्ट्यावरच्या पिशवीतून दोरी बाहेर काढली, नाकाशी धरली, आणि डोळे मिटले. मी उभा. वरून एक साळुंकी काहीतरी बोलून गेली.

"ही दोरी सोडली होतीत माझ्या विहिरीत?"

"हो."

"पहिल्यांदा माझ्या, मग बाकीच्यांत?"

"हो."

"इंजिनिअर, भट्टी सापडली."

लाज वाटली की माणूस विझतो म्हणतात. मी उजळलो, कानांपासून. नाक तोवर उघडलं होतं की लाजेनं उघडलं, माहीत नाही. पण पहिल्यांदाच मला तो वास आला. माझ्याच बाहीचा, माझ्याच दोरीचा. आणि त्या क्षणी कळलं की हे घडलंय हे जगात फक्त दोघांना माहीत आहे, आणि त्यातल्या एकीनं पत्र लिहून सील निघणार नाही. तीन पानी सिद्धांत तयार होता. तो पुढे सरकवला असता तर कदाचित चाललाही असता. विहीर मात्र बंदच राहिली असती.

"सरांना आजच सांगतो," मी म्हणालो.

"सांगा. आणि जाताना ती कळशी भरून आणा."

जोगळेकर सरांनी सगळं ऐकलं. तक्ता मागवला, तळाशी बोट ठेवलं. "इथे खरं बोललात. पण बारीक अक्षरात." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीही बारीक अक्षर वाचलं नाही. उद्या नमुने परत. निकाल आला की पहिलं पत्र जसं तुम्ही लिहिलंत तसं दुसरंही लिहा. गल्लीत नेऊन मोठ्यानं वाचा." आणि मी दाराशी पोहोचताच, "दोरी आहे ना?"

त्यांचं हे वाक्य त्यानंतर आजतागायत थांबलेलं नाही.

घरी आई. तिला डांबरगोळ्यांचं, विहिरीचं, सरांचं काही नव्हतं. "अरे, तुझ्या पाळण्याची दोरी! विहिरीत सोडलीस? आणि गोंडे टोपड्यात कोंबलेस? मी म्हटलं, ट्रंक एवढी अस्ताव्यस्त कशी, उंदीर शिरला की काय!"

"आई, एका बाईची विहीर बंद पडली माझ्यामुळे."

तिनं ट्रंकेचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तिच्याकडे रोज जा मग. निकालबिकाल येईपर्यंत."

गेलो. नवी दोरी, नवे नमुने. आणि निकाल येईपर्यंत रोज सकाळी ऑफिसआधी विश्रांतवाडीला. गल्लीच्या टोकाच्या नळावरून कळशा वाहायच्या, काकू सांगतील त्या पिशवीत पाणी घालायचं. काकू रोज एक तरी शालजोडीतला द्यायच्या. "हळू घाला, मुळं उघडी पडतील. तुम्हाला खोलवरचंच दिसतं, वरचं दिसत नाही." धुकं असायचं, ओल्या शेणखताचा वास, शेवंतीचा उग्र कडवट वास, हातांवर थंडगार पाण्याचे ओघळ. एवढे वास जगात आहेत हे मला तेव्हा नव्यानं कळत होतं. सांगायला संकोच वाटतो, पण त्या माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या सकाळी होत्या. चूक कबूल करून झालेली असते आणि हाताला काम असतं, तेव्हा माणूस फार हलका चालतो.

सगळी रोपं वाचली नाहीत. निम्मी डेलिया गेली. त्याबद्दल काकू एकदाही बोलल्या नाहीत. मेलेल्या पिशव्या त्यांनी मात्र माझ्याच हातानं रिकाम्या करवल्या.

निकाल आला. कारखान्याच्या मागच्या दोन विहिरी खरंच मळलेल्या. मोरपंखी पट्टा खोटं बोलत नव्हता, आणि ती माती पुढे रीतसर उपसली गेली. नॅफ्थॅलीन मात्र कुठेच नव्हतं. काकूंची विहीर चढावर, स्वच्छ. पाणी पुन्हा जगाच्या नियमानं वाहू लागलं. मी गल्लीत उभा राहून पत्र वाचलं. "नमुना घेणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे" या शब्दांशी माझा आवाज जरा बसला. तेव्हा मागून काकू म्हणाल्या, "मोठ्यानं. पलीकडच्या घरात ऐकू गेलं नाही." परत वाचलं. सील काढल्यावर पहिला तांब्या पाणी मी सगळ्यांदेखत प्यालो. थंड होतं. गोड होतं. वास नव्हता, आणि यावेळी नाक उघडं होतं.

दोरी आईनं मला परत ट्रंकेत ठेवू दिली नाही. "ज्या विहिरीत बुडवलीस तिच्याच पाण्यानं धुऊन आण," म्हणाली. काकूंनी ती रिठ्यानं धुतली, तीनदा पिळली आणि आंब्याच्या दोन कलमांमध्ये वाळत घातली. दिवसभर तिच्याखाली उरलेली डेलिया उभी होती. त्या वर्षापासून आमच्या ट्रंकेत कडुनिंबाचा पाला असतो. लिफ्टमध्ये जो वास येतो तो इतरांचा. कान मात्र माझेच तापतात.

दोन वर्षांनी मुलगी झाली. बारशाला काकू आल्या, हातात डेलियाची कुंडी, टपोऱ्या गर्द लाल फुलांची. बायकांची गर्दी, घुगऱ्यांचा दरवळ, छताच्या कडीला पाळणा, आणि पाळण्याला तीच दोरी, लाल गोंडे पुन्हा जागेवर. सदाशिवनं हिंगोलीहून टोपडं पाठवलं होतं. जोगळेकर सर दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत होते, आणि ते काय विचारणार हे मला ठाऊक होतं. आई काकूंना म्हणाली, "पहिला झोका तुम्ही द्या."

काकू पुढे झाल्या. दोरी हातात घेतली, पण ओढली नाही. सगळ्यांदेखत ती नाकाशी नेली, डोळे मिटले, चांगला लांब श्वास घेतला. पाळण्यातली पोरगी त्यांच्याकडे टकमक बघत होती. मी श्वास रोखून उभा.

"वास काही नाही," काकू म्हणाल्या. "लिहून घ्या, इंजिनिअर. मोठ्या अक्षरात."

आणि त्यांनी झोका दिला.